नळाच्या पाण्याचा खरा दर : कर्जत-खालापूरचा हिशेब

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्या याच भागातून वाहतात. तरीही एप्रिल उजाडला की डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्यांत बायका कोरड्या पात्रात डवरे खोदतात आणि झिरपणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. गावठाणाच्या वरच्या अंगाला टँकरची वाट बघणं सुरू होतं. त्याच दिवशी नदीकाठच्या एखाद्या बंगल्यात पाइप लावून हिरवळ भिजवली जात असते. या सगळ्यांना पाणी किती रुपयांना पडतं, याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. पाणीपट्टी वाढवायचा ठराव आला की चर्चा होते ती फक्त वाढीची. कोण किती पाणी घेतो आणि कितीला, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

पाणी येतं कुठून

इथलं उन्हाळी पाणी बरंचसं घाटमाथ्यावरून येतं. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू केलं. १९२२ साली ठोकरवाडीच्या जलाशयावर भिवपुरीचं वीजघर उभं राहिलं. जे पाणी एरवी भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेकडे गेलं असतं, ते वीज करून कोकणात उतरतं. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्याने पाताळगंगा वाहती राहते. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालव्याच्या काठची उन्हाळी भातशेती होते, आणि पेज नदी बारमाही वाहते.

याचा पाण्याच्या दराशी थेट संबंध आहे. कर्जत शहर पेजेचं पाणी उचलतं आणि खोपोली पाताळगंगेचं. दोन्ही शहरांना स्वतःचं धरण बांधावं लागलं नाही, म्हणजे भांडवली खर्चाचा सर्वांत मोठा भाग वाचला. पण नदीत पाणी किती असेल हे वीजघर किती वेळ चालतं त्यावर ठरतं. वीजनिर्मिती थांबली की जॅकवेलमधली, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीतली, पातळी उतरते आणि त्या दिवशी शहराचं वेळापत्रक कोलमडतं. स्वस्त मिळालेल्या पाण्यासोबत हा परावलंबीपणाही आलेला आहे.

कच्चं पाणी जवळजवळ फुकट

नदीतून किंवा धरणातून उचललेल्या पाण्याचं मोल शासनाला द्यावं लागतं. त्याचे घाऊक दर २००५ च्या कायद्याने स्थापन झालेलं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. घरगुती वापरासाठी ग्रामपंचायतींना सर्वांत कमी दर असतो, नगरपरिषदांना थोडा जास्त आणि महापालिकांना त्याहून जास्त. उद्योगांचा दर याच्या कितीतरी पट असतो. हजार लिटर कच्च्या पाण्यासाठी गावाला किंवा छोट्या शहराला मोजावी लागणारी रक्कम पैशांत असते, ती रुपयापर्यंतही जात नाही. त्यामुळे “पाणी तर देवाचं, त्याचे पैसे कसले?” या प्रश्नात तथ्य आहे. पैसे लागतात ते पाणी उचलायला, शुद्ध करायला आणि दारापर्यंत आणायला.

खर्च विजेचा, आणि गळतीचा

हजार लिटर म्हणजे एक टन वजन. ते शंभर मीटर वर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षमतेने चालतात असं धरलं, तर हा आकडा सुमारे ०.४ युनिटवर जातो. सपाटीवरच्या शहरात पाणी जॅकवेलपासून शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून उंच टाकीत, असं एकूण साठेक मीटर चढवावं लागतं असं समजू. मग हजार लिटरला पाव युनिट वीज लागते. युनिटचा दर आठ रुपये धरला तर विजेचा खर्च दोन रुपये.

आता माथेरान घ्या. हेही कर्जत तालुक्यातच आहे. तिथे शार्लोट तलाव आहे, पण तो वर्षभर पुरत नाही. म्हणून नेरळजवळ उल्हास नदीचं पाणी उचलून डोंगरावर चढवलं जातं, आणि ही योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवतं. चढ साधारण साडेसातशे मीटरचा आहे. वरच्याच हिशेबाने हजार लिटरला तीन युनिटांहून थोडी जास्त वीज लागते, म्हणजे नुसत्या विजेचे पंचवीस रुपये. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती, तर कर्जत शहराची तीस हजारांच्या आसपास आणि खोपोलीची एकाहत्तर हजार. माथेरानला इतक्या कमी घरांवर हा खर्च वाटायचा असतो, आणि पाण्याचा मोठा वाटा हॉटेलं-लॉज घेतात. एकाच तालुक्यात पाणी चढवायच्या विजेच्या खर्चात बारापट फरक पडतो. राज्यभर एकच दर लावा म्हणणाऱ्यांनी नेरळच्या घाटाकडे एकदा नजर टाकावी.

विजेखालोखाल खर्च होतो तो तुरटी, क्लोरीन, पगार आणि दुरुस्तीवर. पण हिशेबवहीत ज्याचं नावही नसतं असा खर्च गळतीचा आहे. समजा शुद्ध केलेल्या हजार लिटरना बारा रुपये खर्च आला आणि वाटेत चाळीस टक्के पाणी गळलं किंवा चोरीच्या जोडणीत गेलं. दारात पोचले फक्त सहाशे लिटर. म्हणजे पोचलेल्या हजार लिटरचा खर्च वीस रुपये झाला. हे आठ रुपये प्रामाणिकपणे पट्टी भरणाऱ्याच्या नाहीतर शासनाच्या अनुदानाच्या माथी बसतात. गळती शोधायला टाकीच्या तोंडाशी मोठा मीटर लागतो. तो बसवलेला नसेल किंवा बंद पडलेला असेल, तर गळती किती हे कुणालाच सांगता येत नाही.

पट्टी कशी आकारतात

नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमाखाली पाणीपट्टी घेतात. छोट्या शहरांत सर्रास चालणारी पद्धत म्हणजे जोडणीच्या आकारावर वर्षाची ठोक रक्कम. घरगुती अर्धा इंची नळाला एक दर, पाऊण इंचीला त्याहून जास्त, आणि व्यापारी वापराला वेगळा. किती पाणी आलं याची नोंद कुठेच नसते. ग्रामपंचायती १९५८ च्या अधिनियमाखाली दोन प्रकारची पाणीपट्टी आकारतात. सामान्य पाणीपट्टी गावातल्या सार्वजनिक नळ-विहिरीच्या सोयीपोटी असते, आणि विशेष पाणीपट्टी घरात नळ असलेल्यांकडून घेतली जाते. नमुना ९ च्या मागणी नोंदवहीत घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य करासोबत या दोघींचे स्वतंत्र रकाने असतात. आपल्या गावाचा हा नमुना एकदा मागून पाहावा. गावाची पाणीयोजना कुणाच्या पैशांवर चालते आणि कुणाची थकबाकी किती वर्षांची आहे, हे त्याच्या दोन पानांत कळतं.

एक पट्टी, चार दर

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ठोक पट्टी सगळ्यांना सारखी असते, म्हणून ती न्याय्य वाटते. आकडे घालून पाहिलं की तसं उरत नाही. पुढचे आकडे गणितापुरते धरलेले आहेत. आपापल्या गावाचे घालून पाहावेत.

पट्टी वर्षाला अठराशे रुपये, म्हणजे महिन्याला दीडशे. एक घर वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, जरा चढावर आहे. पाणी सुटल्यावर अर्धा तास बारीक धार येते आणि दिवसाला दोनशे लिटर मिळतं. महिन्याचं पाणी झालं सहा हजार लिटर. हजार लिटरचा दर पडला पंचवीस रुपये. दुसरं घर टाकीजवळ आहे. जमिनीखाली मोठी टाकी, नळाला थेट मोटर. पाणी सुटलं की पहिल्या दहा मिनिटांत हजार लिटर आत. महिन्याला तीस हजार लिटर. दर पडला पाच रुपये. पट्टी तीच, वॉल्व्ह फिरवणारा माणूसही तोच, आणि गरिबाचा दर पाचपट.

तिसरं घर जलवाहिनी पोचलेलीच नाही अशा नव्या वस्तीतलं. त्यांनी दहा हजार लिटरचा टँकर दोन हजारांना घेतला, तर हजार लिटर दोनशे रुपयांना पडले. चौथ्या घरात नळाला गढूळ पाणी येतं म्हणून वीस लिटरचा जार तीस रुपयांना घेतात. हजार लिटरचे दीड हजार रुपये. पट्टी कमी ठेवली की गरिबाला दिलासा मिळतो, हा समज इथे उघडा पडतो. कमी ठोक पट्टीचा फायदा ज्याच्याकडे टाकी, मोटर आणि मोक्याची जागा आहे त्याला होतो. पैसे नाहीत म्हणून योजना वाढत नाही, आणि तिची किंमत तिसरं घर टँकरवाल्याला मोजतं. माझं म्हणणं सरळ आहे: ठोक पाणीपट्टी ही सुस्थितांना दिलेली सवलत आहे आणि ती गरिबांच्या नावाने टिकवली जाते.

धरण खालापुरात, स्वस्ताई नवी मुंबईत

पाताळगंगेला मिळणाऱ्या धावरी नदीवर, खालापूर तालुक्यात मोरबे धरण आहे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने बांधायला घेतलेलं हे धरण नवी मुंबई महापालिकेने विकत घेतलं. दिवसाला ४५ कोटी लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. स्वतःच्या मालकीच्या या धरणाच्या जोरावर नवी मुंबईने अनेक वर्षं घरगुती ग्राहकाला महिन्याला तीस हजार लिटर पाणी पन्नास रुपयांत दिलं. हजार लिटरला एक रुपया सदुसष्ट पैसे.

ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या त्यांच्या तालुक्यातल्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची मागणी करतात. यात नवी मुंबईकरांचा दोष नाही. त्यांच्या महापालिकेने दूरदृष्टी दाखवून पैसे घातले. पण दर कशाने ठरतो ते यातून समजतं. मालमत्ता कर आणि विकासशुल्कातून पैसा येणारं शहर पाण्यावरचा तोटा सहज पेलतं. खालापूरसारख्या नगरपंचायतीला तो पेलत नाही. आता कर्जत तालुक्यात कोंढाणे धरण सिडकोच्या पाण्यासाठी प्रस्तावित आहे, आणि पोशीर व शिलार या दोन प्रकल्पांना २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली ती मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांसाठी. धरणाजवळच्या गावांचा पाण्यातला वाटा किती, कुठल्या दराने आणि कुणाच्या जलवाहिनीने, हे करार होण्याआधी लिहून घ्यायला हवं. नंतर मागितलेलं पाणी उपकार म्हणून मिळतं.

मीटर : आधी टाकीला, मग घराला

सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे, साधारण कर्जतच्याच आकाराचं. तिथे जीवन प्राधिकरणाने आखलेल्या योजनेतून घरोघरी मीटर बसले, जलवाहिन्या बदलल्या गेल्या आणि चोवीस तास पाणी सुरू झालं. वापर वाढेल तसा दर चढत जातो. या कामासाठी मलकापूरला लोकप्रशासनातला पंतप्रधान पुरस्कार मिळाला. चोवीस तास पाणी म्हटलं की लोक जास्त उधळतील अशी भीती असते. पण नळ कधीही सोडला तरी पाणी येणार, याची खात्री झाली की साठवण्याची गरज संपते, आणि शिळं म्हणून रोज ओतून दिलं जाणारं पाणी वाचतं.

मलकापूरची नक्कल मात्र क्रम बदलून करता येत नाही. दिवसातून तासभर पाणी सुटणाऱ्या वाहिनीवर घरगुती मीटर बसवला, तर सुरुवातीला वाहिनीतली हवा बाहेर पडते आणि काटा फिरवते. ग्राहकाला वाऱ्याचं बिल येतं. रिकाम्या वाहिनीतला गाळ मीटरमध्ये अडकून तो बंद पडतो. एकदा लोकांचा मीटरवरचा विश्वास उडाला की पुढची दहा वर्षं कुणी नाव काढू देत नाही. म्हणून आधी जॅकवेल, शुद्धीकरण केंद्र आणि प्रत्येक टाकीच्या तोंडाशी मोठा मीटर बसवावा. मग एका टाकीचा एक विभाग निवडून तिथली गळती काढावी, दाब पुरेसा करावा आणि शेवटी तिथे घरगुती मीटर बसवावेत. एक विभाग नीट चालला की दुसऱ्या विभागातले लोक स्वतःहून विचारायला येतात.

कंबोडियाची राजधानी नॉमपेन्ह आपल्या शहरांपेक्षा कितीतरी मोठी. पण १९९३ साली तिथलं जवळजवळ पाऊण पाणी हिशेबाबाहेर जात होतं. ‘एक सोन चान’ नावाच्या अधिकाऱ्याने मीटर बसवले, चोरीच्या जोडण्या तोडल्या आणि वसुली बड्या थकबाकीदारांकडूनही केली. गळती दहा टक्क्यांच्या आत आली. त्यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वसुलीची सुरुवात वरून झाली, हा त्यातला आपल्याकडे सर्वांत अवघड जाणारा भाग.

टप्प्यांचा दर कुठे फसतो

पहिले काही हजार लिटर स्वस्त आणि पुढे चढत जाणारा दर, हे ऐकायला चांगलं वाटतं. मीही त्याच्याच बाजूचा आहे, पण एका अटीवर. खोपोलीसारख्या कामगारवस्तीच्या शहरात एका नळावर चार-पाच खोल्यांची चाळ असते. चार कुटुंबं प्रत्येकी आठ हजार लिटर वापरत असतील, तर मीटरवर बत्तीस हजार दिसतात. स्वस्त टप्पा दहा हजारांपर्यंतचा असेल, तर या चार गरीब घरांना बंगल्याच्या दराने बिल येतं, आणि ते घरमालक भाड्यात वसूल करतो. दक्षिण आफ्रिकेने २००१ नंतर दर घराला महिन्याला सहा हजार लिटर मोफत दिले. तिथेही मोठ्या कुटुंबांची आणि एका आवारात राहणाऱ्या अनेक कुटुंबांची अशीच अडचण झाली. दिल्लीत २०१५ पासून महिन्याला वीस हजार लिटर मोफत झाले, पण मीटर असलेल्यांनाच. टँकरवर जगणाऱ्या वस्त्यांच्या वाट्याला ती सवलत आली नाही.

उपाय साधा आहे. एका जोडणीवर जितकी कुटुंबं, तितक्या पटीने स्वस्त टप्पा वाढवायचा. शिधापत्रिका पाहून ही नोंद करता येते. नवी जोडणी घेताना भरावी लागणारी अनामत आणि रस्ता खोदाईचे पैसेही हप्त्यांनी घ्यावेत. गरीब घर महिन्याचं बिल भरू शकतं. त्याला परवडत नाही ती सुरुवातीची एकरकमी रक्कम.

दोन बंद घरं

या दोन तालुक्यांत वर्षातले बरेच महिने कुलूप असलेली घरं दोन प्रकारची आहेत. पहिलं घर मुंबई-पुण्याच्या माणसाचं फार्महाऊस. सोमवार ते शुक्रवार माळी सोडून कुणी नसतं. शनिवारी पाहुणे येतात, पोहण्याचा तलाव भरतो, हिरवळ भिजते. योजनेची टाकी, पंप आणि वाहिनी मात्र या शनिवारच्या मागणीला पुरेल एवढी मोठी करावी लागते. ठोक पट्टीत हे घर वर्षाचे अठराशेच भरतं. अशा घरांना मीटर सक्तीचा असावा. वापर शून्य असला तरी सोय राखून ठेवल्याचं ठराविक मासिक शुल्क असावं, आणि त्यावर वापराचा वरच्या टप्प्याचा दर. पाहुण्यांना भाड्याने दिलेल्या बंगल्याला घरगुती दर लावण्याचं काहीच कारण नाही.

दुसरं बंद घर कातकऱ्याचं. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने वाड्यांपर्यंत नळ नेण्याचं काम सुरू झालं. योजना बांधायला केंद्र आणि राज्याचा पैसा असतो, पण ती चालवायचा खर्च ग्रामपंचायतीचा. साठ घरांच्या वाडीचा अंदाज करू. पाणी सोडणाऱ्याला महिन्याला पाच हजार, वीजबिल तीन हजार, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर आणि दुरुस्ती दोन हजार. घरामागे महिन्याला १६७ रुपये येतात. निम्मी घरं सहा महिने बाहेर असतील, तर उरलेल्यांवर त्या काळात दुप्पट भार पडतो. तो कुणी भरत नाही, वीजबिल थकतं, जोडणी तोडली जाते, आणि नवा कोरा नळ असलेली वाडी पुन्हा डवऱ्यावर येते. परतलेल्या कुटुंबाच्या नावावर मात्र बाराही महिन्यांची पट्टी थकबाकी म्हणून लागलेली असते.

पट्टीच्या नोंदवहीत ही दोन्ही बंद घरं एकाच ओळीत, एकाच रकमेसमोर दिसतात. ती वेगळी काढणं ग्रामसभेच्या हातात आहे. स्थलांतरित कुटुंबांना विशेष पाणीपट्टी राहत्या महिन्यांपुरती, महिन्यामहिन्याने लावायचा ठराव करता येतो. फार्महाऊसच्या शुल्कातून वाडीच्या विजेचा वाटा उचलता येतो. वित्त आयोगाच्या निधीतला एक हिस्सा पाण्यासारख्या कामांसाठी बांधून दिलेला असतो, त्यातून पंपाची दुरुस्ती निघते. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक वर्ष संपण्याआधी मांडलं जातं, नगरपरिषदेचंही. त्यात पाणीपुरवठ्याचा जमाखर्च वेगळ्या पानावर मागायचा: किती पाणी उचललं, विजेला किती गेले, पट्टी किती जमली आणि पन्नास हजारांवरचे थकबाकीदार कोण. ही मागणी डिसेंबर-जानेवारीतच करायला हवी, कारण मार्चमध्ये पुढच्या वर्षाचे दर ठरून गेलेले असतात.